निर्वासित मुलांवर किशोर कादंबरी कशी लिहावी : सांगली-साताऱ्यातल्या लेखकांसाठी

युद्धामुळे घर सोडावे लागलेल्या मुलांवर लिहायला बसलेला लेखक बहुधा आपली सारी ताकद पळून जाण्याच्या प्रसंगावर खर्च करतो. रात्रीची धावपळ, सीमेवरचे शिपाई, हात सुटलेला लहान भाऊ हे सगळे तो जीव ओतून लिहितो आणि मूल सुरक्षित जागी पोहोचले की दोन पानांत गोष्ट आटोपती घेतो. मला हे उलटे वाटते. पळण्याचे दिवस मोजके असतात. अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, दुसऱ्याच्या छपराखाली पुन्हा मूल होण्याचे दिवस फार असतात आणि बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला ते जवळचे वाटतात, कारण नव्या शाळेत जाणे, मैत्री जमवणे, हरवलेली वस्तू आठवणे त्यालाही माहीत असते. म्हणून कादंबरीचा एक तृतीयांश भाग प्रवासाला आणि दोन तृतीयांश भाग पोहोचल्यानंतरच्या दिवसांना द्यावा, असे आधीच ठरवून टाकावे. पुढच्या सर्व पायऱ्या या वाटणीवर उभ्या आहेत.

एक युद्ध, एक वाट, एक वर्ष

"कोणत्या तरी देशातले युद्ध" असे मोघम लिहू नये. कोणते युद्ध, कोणत्या गावातून कोणत्या गावापर्यंतची वाट आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचा काळ, हे तीन निर्णय पहिल्या पानाआधी व्हायला हवेत. सीरियातले २०११ पासूनचे युद्ध, म्यानमारमधून २०१७ साली बांगलादेशात आलेले रोहिंग्या, २०२२ मधील युक्रेन, तिबेटमधून १९५९ पासून आलेली कुटुंबे, १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेले सुमारे एक कोटी लोक: या प्रत्येकाची वाट, हवामान, अन्न आणि कागदपत्रे वेगळी आहेत.

येथे एक सावधगिरी आपल्या भागासाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. कोयना धरणात गाव गेलेले कुटुंब, २०१९ च्या महापुरात सांगलीच्या शाळेत मुक्काम केलेले कुटुंब आणि दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला आलेले कुटुंब, या तिघांचेही हाल खरे आहेत आणि त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तके व्हायला हवीत. मात्र त्यांच्या मागे बंदूक नसते आणि त्यांचा देश त्यांना परका झालेला नसतो. आपण पाहिलेल्या पुराच्या अनुभवावरून युद्धाचे वर्णन करण्याचा मोह होतो; ओले कपडे, रांगेतले जेवण, शाळेच्या वर्गात अंथरलेल्या सतरंज्या एवढे तपशील तिथून घ्यावेत, भीती मात्र तिथून उसनी घेऊ नये. पूर ओसरतो आणि घरी जाऊन चिखल काढता येतो, हे पूरग्रस्त मुलाला ठाऊक असते.

कायद्याची बाजूही थोडी समजून घ्यावी. निर्वासितांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आहे आणि भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे भारतात येणाऱ्या प्रत्येक समूहाला सरकारने वेगवेगळी वागणूक दिली आहे. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या करारात निर्वासित मुलांसाठी स्वतंत्र कलम आहे आणि तो करार भारताने १९९२ साली स्वीकारला. कथेत कायदा सांगायचा नसतो, पण शाळेत नाव घालताना कोणता कागद मागितला जाईल हे लेखकाला माहीत नसेल, तर तो प्रसंग खोटा उतरतो.

वळिवडे: हाताशी असलेला विषय

सांगली-साताऱ्याच्या लेखकाने पहिल्या पुस्तकासाठी दूर जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसले की रुकडीनंतर पंचगंगा ओलांडून वळिवडे लागते. तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. रांगांनी बांधलेल्या बराकी, स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटके आणि स्काउटची पथके असे ते एक लहानसे गावच होते. काही मुले हवापालटासाठी आणि उपचारासाठी पाचगणीलाही राहिली, त्यामुळे सातारा जिल्ह्याचाही या कथेवर हक्क आहे. जामनगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळच्या बालाचडीला वसवलेल्या मुलांची हकिकत अधिक प्रसिद्ध आहे. तो तळ १९४६ साली बंद झाल्यावर तिथली उरलेली मुलेही वळिवड्याला आली.

ही मुले येथवर कशी पोहोचली, ती साखळी लेखकाला तोंडपाठ हवी. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबांना मालगाडीच्या डब्यांत भरून सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे नेण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला, तेव्हा पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात जुलैअखेर झालेल्या करारामुळे त्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नव्या पोलिश सैन्यामागोमाग ही कुटुंबे मध्य आशियाकडे निघाली. उपासमार आणि टायफसने त्या वाटेवर फार माणसे गेली. जी वाचली, त्यांतली बरीच १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली आणि पुढे कराचीमार्गे भारतात आली. पुण्याच्या पुढची मिरज-कोल्हापूरची लोहमार्गाची वाट तेव्हा मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची होती, म्हणून मुंबईकडून येणाऱ्याला पुण्यात उतरून लहान गाडीत बसावे लागे. शेवटच्या टप्प्यावरची ही गाडीबदली एका प्रकरणाचा विषय होऊ शकते: दर वेळी गाडी बदलताना कोणीतरी मागे राहिले आहे असा अनुभव असलेले मूल पुण्याच्या फलाटावर काय करील, याचा विचार करून पाहावा.

वसाहत उभी राहिली त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते, हे त्याशेजारी मांडले की विषय खरोखर उघडतो. नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ पासून सातारा जिल्ह्यात कारभार करू लागले होते. इथल्या मुलाच्या घरी इंग्रज म्हणजे काकाला पकडायला येणारे पोलीस, आणि वळिवड्याच्या मुलीच्या लेखी इंग्रज म्हणजे तिच्या वडिलांच्या बाजूने लढणारे सैन्य. दोघेही खरे बोलत आहेत. शिवाय मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४३ नंतर इटलीत लढत होत्या आणि अँडर्स यांचे सैन्यही तिथेच होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा मठ पोलिश सैनिकांनी घेतला, आणि त्याच लढाईच्या आधीच्या टप्प्यांत भारतीय डिव्हिजनने तिथेच माणसे गमावली होती. सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपशिंग्यातला मुलगा आणि पोलिश मुलगी, दोघेही इटलीहून येणाऱ्या पत्राची वाट पाहत आहेत, अशी कथा कोणालाही ओढूनताणून जुळवावी लागणार नाही. इतिहासाने ती जुळवून ठेवली आहे.

जिल्ह्यांच्या नावांबाबत सांभाळावे. १९४३ साली सांगली जिल्हा नव्हता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, तासगाव-वाळवा साताऱ्यात होते, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. सातारा, सांगली व कोल्हापूरचे जिल्हा गॅझेटिअर शासनाने प्रसिद्ध केलेले आहेत. बाजाराचे वार, पिके, रस्ते यांसाठी ते आधी वाचावेत.

वयाचे गणित कागदावर करावे

हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण टाळले तर पुढे महिनाभराचे लिखाण वाया जाते. फेब्रुवारी १९४० मध्ये सात वर्षांची असलेली मुलगी वळिवड्याला येते तेव्हा दहा वर्षांची असते आणि वसाहत सोडते तेव्हा पंधरा वर्षांची. म्हणजे पूर्ण हकिकत सांगायची तर नायिका बालपणातून थेट तारुण्याच्या उंबऱ्यावर जाते, आणि अकरा वर्षांच्या वाचकाला ते लांब पडते. १९४३ चा जून ते १९४५ ची दिवाळी एवढाच तुकडा घेतला, तर नायिका दहा ते बारा वर्षांची राहते आणि मागचा प्रवास आठवणींत येतो. तिला दोन वर्षांनी लहान भाऊ द्यावा. १९४० साली तो पाच वर्षांचा होता, म्हणून त्याला जुने घर अंधूक आठवते, पोलिश लिहिणे-वाचणे तो बराकीत शिकला आहे आणि मराठी शब्द तो तिच्या आधी उचलतो. ती घर विसरायला तयार नाही आणि तो विसरला आहे, या दोघांमधली तेढ कोणत्याही बॉम्बपेक्षा अधिक पाने पेलू शकते.

गोष्ट कोणी सांगायची

दोन पर्याय आहेत आणि दोन्हींत धोका आहे. आलेल्या मुलीच्या तोंडून सांगितली तर लेखकाला तिचे घर, प्रार्थना, खाणे, शिव्या सगळे आतून माहीत हवे. इथल्या मुलाच्या तोंडून सांगितली तर ते सोपे जाते, पण कथा नकळत आपल्या चांगुलपणाची होते: आपण किती मोठ्या मनाचे, आपल्या राजाने कसा आसरा दिला, त्यांनी आपले कसे उपकार मानले. अशा गोष्टीत आलेले मूल हात पसरून उभे राहते आणि हलतच नाही. यावर एक कसोटी वापरता येते. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की समासात एकच वाक्य लिहावे: या प्रकरणात तिने स्वतः काय ठरवले? उत्तर सापडत नसेल तर प्रकरण पुन्हा लिहावे. तिचा निर्णय चुकीचा असला तरी चालेल. तिने खोटे बोलावे, चोरी करावी, मैत्रिणीशी अबोला धरावा. कृतज्ञ राहण्याची सक्ती तिच्यावर लेखकाने तरी करू नये.

माझे मत विचाराल तर पहिल्या पुस्तकात दोन्ही मुलांना आळीपाळीने प्रकरणे द्यावीत. एकच प्रसंग दोघांना वेगळा दिसतो, हे दाखवण्याची सोय त्यातून मिळते, आणि आपला मुलगा आपोआप अर्ध्या जागेत राहतो.

हिंसा किती आणि कशी दाखवावी

आठ ते दहा वर्षांच्या वाचकांसाठी मृत्यू प्रसंगाबाहेर घडावा आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला जावा. "देवाघरी गेली" असे लिहिले की लहान वाचक ती परत येण्याची वाट पाहत पाने उलटतो; "वाटेत ताप आला आणि आजी मेली" हे वाक्य कठोर असले तरी प्रामाणिक आहे. अकरा ते चौदा वयाच्या वाचकांसमोर प्रसंग घडू द्यावा, पण नजर मुलाच्या उंचीवरची असावी: त्याला मोठ्यांचे पाय दिसतात, बंद दार दिसते, आईचा बदललेला आवाज ऐकू येतो. जखमांचे वर्णन थरारासाठी करू नये आणि मृतांचे आकडे संवादात घालू नयेत.

शत्रू म्हणून एखादी जात, धर्म किंवा देश उभा करू नये, हे विशेषतः फाळणीवर लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. डब्यावर पहारा देणारा सोव्हिएत शिपाई स्वतःही भुकेला असू शकतो. मात्र समतोलाच्या नावाखाली अन्याय धूसरही करू नये; कोणी कोणाला घराबाहेर काढले, हे वाचकाला स्वच्छ कळले पाहिजे.

पोहोचल्यानंतरचे दिवस

येथे घाई करू नये. पहिल्या आठवड्यापासून पहिल्या वर्षापर्यंत मुलीच्या आयुष्यात कोणत्या गोष्टी पहिल्यांदा घडतील, त्यांची यादी करून प्रत्येकीला प्रसंग द्यावा: स्वतःची पहिली वस्तू, पहिले भांडण, पहिली शिक्षा, पहिला विनोद, आईला न सांगता केलेली पहिली फेरी. त्यासोबत युद्ध शरीरात कसे उरते तेही दाखवावे. उपासमारीतून आलेली मुले पाव लपवून ठेवत. रात्री बूट न काढता झोपणे, रांगेत कोण कमी आहे हे सारखे मोजणे, जोरात दार आपटले की थिजणे, अंथरूण ओले होणे अशा खुणा प्रसंगात याव्यात आणि त्यांचे स्पष्टीकरण कोणी देऊ नये.

पुढचा उतारा नमुना म्हणून लिहिला आहे. प्रसंग काल्पनिक आहे. शेजारच्या गावातून शेंगा विकायला आलेली बाई आणि हान्का नावाची दहा वर्षांची मुलगी.

"मावशीने चिपटे शेंगांनी भरले आणि वरून तळहात फिरवून सपाट केले. हान्काने मान हलवली. आधीच्या बाईच्या ओच्यात ओतलेल्या मापाला चांगली शीग होती, ती तिने पाहिली होती. 'काय गं, काय झालं?' मावशी म्हणाली. हान्काने हवेत बोटाने डोंगर काढला. मावशीने दोन शेंगा वर ठेवल्या. हान्काने मूठ उघडून आणा दाखवला आणि पुन्हा मिटली. आणखी चार शेंगा चढल्या, एक घसरून खाली पडली, ती हान्काने उचलून परत वर ठेवली. मग मूठ उघडली. बराकीकडे जाताना तिने एकही शेंग खाल्ली नाही. आईला हे कसे सांगायचे, ते ती मनात जुळवत होती."

यात कोणी कोणावर दया केलेली नाही. मावशीला धंदा करायचा आहे, मुलीला पूर्ण माप हवे आहे, आणि मूल दुकानदाराशी घासाघीस करते तेव्हा ते त्या गावात राहायला लागलेले असते. "परक्या भूमीत तिला मायेचा ओलावा मिळाला" असे एक वाक्य लिहूनही हा प्रसंग उरकता आला असता, आणि वाचक त्यावरून सहज पुढे गेला असता. चिपटे, शीग, आणा हे तपशील १९४३ च्या बाजाराचे आहेत. मापाऐवजी किलो आणि आण्याऐवजी नवे पैसे लिहिले की प्रसंग कोसळतो.

वळिवड्याच्या कथेत नव्याने सुरुवात करण्याला एक दुखरा वळसा आहे. "युद्ध संपले की घरी जायचे" हे मुलांना सांगितलेले असते. १९४५ मध्ये युद्ध संपते, पण पूर्व पोलंडचा त्यांचा भाग सोव्हिएत संघात गेलेला असतो आणि लंडनमध्ये आसरा घेतलेल्या ज्या पोलिश सरकारवर त्यांची भिस्त होती त्याची मान्यता ब्रिटन जुलैमध्ये काढून घेते. आनंदाची बातमी येते आणि मोठी माणसे गप्प होतात, हा प्रसंग कादंबरीच्या मध्याजवळ यावा. त्यानंतर मुलीला घर या कल्पनेचाच फेरविचार करावा लागतो आणि उरलेले पुस्तक त्यावर चालते.

दोन भाषांमधले बोलणे

पोलिश मुलगी तिसऱ्या पानावर अस्खलित मराठी बोलू लागली की वाचकाचा विश्वास उडतो. सुरुवातीची प्रकरणे हातवारे, नावे आणि आकड्यांवर चालवावीत. नंतर चुकीच्या लिंगाची, क्रियापद गाळलेली मराठी यावी, आणि ती थट्टेचा विषय होऊ नये. इथल्या मुलानेही तिचे चार शब्द शिकावेत, तेही चुकत. दोन पोलिश मुले आपसांत बोलतात तेव्हा मात्र त्यांचे बोलणे सरळ, पूर्ण मराठीत लिहावे, कारण आपल्या भाषेत ती मुले कोणाइतकीच चतुर असतात. करवीर-मिरजेकडच्या माणसांच्या तोंडी त्यांची बोली असावी, पण दर वाक्यात "लेका" आणि "व्हय" पेरू नये. पोलिश नावे इंग्रजी स्पेलिंगवरून न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहावीत: यानेक, झोशा, स्ताशेक.

माणसांना भेटताना

पोलिश कुटुंबे १९४८ पर्यंत ब्रिटन आणि अन्य देशांकडे निघून गेली आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे वसली. तेच आजचे गांधीनगर. तिथल्या वृद्धांकडे लहानपणाची आठवण असते आणि ती ऐकायला जाणे हे या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल आहे. जाताना घरच्या कोणाकडून आधी निरोप पाठवावा, रेकॉर्डिंग करण्यापूर्वी विचारावे आणि "तुमच्यावर काय अत्याचार झाले" असे विचारू नये. "शाळेत डब्यात काय न्यायचात?", "पहिली चप्पल कोणी आणली?" असे लहान प्रश्न विचारले की माणूस त्याला झेपेल तेवढे मागे जातो. त्यांचे खरे नाव, गल्ली, दुकान कथेत वापरू नये, आणि त्यांच्या आठवणीवर बेतलेले प्रकरण छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावे. नको म्हणाले तर काढावे. सध्या निर्वासित असलेल्या लहान मुलांची मुलाखत मात्र घेऊच नये. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रौढांशी बोलणे पुरेसे असते.

मुलांपुढे वाचून पाहणे

तीन-चार प्रकरणे झाली की सहावी ते आठवीच्या वर्गात किंवा गावच्या वाचनालयात एक प्रकरण मोठ्याने वाचावे. गोष्टीतून काय शिकलात, हा प्रश्न विचारला की मुले शिक्षकांना आवडणारे उत्तर देतात, म्हणून "पुढे काय होईल?" आणि "तुम्ही तिच्या जागी असता तर शेंगा घेतल्या असत्या का?" असे विचारावे. कुठे चुळबुळ झाली, कुठे कोणी पाणी प्यायला उठले, हे हस्तलिखिताच्या समासात टिपावे. वर्गात पुराच्या वेळी घर सोडलेली किंवा तोडणी कामगारांची मुले असतील, तर एखादा प्रसंग त्यांना आतवर लागू शकतो. शिक्षकांना प्रकरण आधी वाचायला द्यावे आणि कोणाला बाहेर जावेसे वाटले तर जाऊ द्यावे.

शेवट आणि अखेरची पाने

सगळे परत भेटले आणि घरी गेले, असा शेवट या विषयात बहुतेक वेळा खोटा ठरतो. वडिलांचे पत्र आले नाही, तर ते आले नाही असेच राहू द्यावे. पण वाचकाला निराधार सोडू नये: मुलगी ज्या एका गोष्टीसाठी पूर्ण पुस्तकभर धडपडली, मग ती शाळेतल्या नाटकातले काम असो किंवा भावाने पुन्हा घरच्या भाषेत गाणे म्हणणे असो, ती तिला मिळाली किंवा का मिळाली नाही, हे कळले पाहिजे.

पुस्तकाच्या अखेरीस एक नकाशा आणि एक पानभर कालपट द्यावा. नकाशात तेव्हाची नावे मोठ्या अक्षरांत आणि आजची नावे खाली लहान अक्षरांत असावीत, म्हणजे पहलवीखाली अंझली, आणि वळिवड्याच्या वसाहतीशेजारी गांधीनगर. कालपटात दोन रकाने करावेत, एकात पोलिश कुटुंबाचा प्रवास आणि दुसऱ्यात त्याच महिन्यांत सातारा-कोल्हापुरात घडलेल्या गोष्टी. कोणता प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे आणि कोणता लेखकाने रचला आहे, हे त्याच पानावर तीन-चार वाक्यांत मुलांना समजेल असे लिहावे. किशोर वाचक हा प्रश्न विचारतोच, आणि त्याचे उत्तर त्याला शोधावे लागू नये.